बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी

वडनेर,
१० जानेवारी २०२५

चि. नमिता,
आईचे आशीर्वाद.

आम्ही दोघंही बरे आहोत. यंदा थंडी फार आहे. तुरी कापायला आल्या. फोनवर तू "बरी आहे" म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून लिहिते आहे.

बाबांनी केलेली शेगडी तू पाहिलीच नाहीस. तेलाचं जुनं पिंप कापलं, आतून माती लिंपली, धूर बाहेर जावा म्हणून खिडकीतून पत्र्याचं नळकांडं काढलं. जन्मभर कारकुनी केलेला माणूस, हाताला फोड आले. मी म्हटलं, "हीटर आणा ना." तर म्हणाले, "लाइन गेली तं? पोरीले शेक कसा भेटन?"

दवाखान्यातून तू सरळ सासरी गेलीस, ते बरंच झालं. इथली मांडून ठेवलेली खोली तुला बघवली नसती. बाबा मात्र रोज संध्याकाळी तिथं शेगडी पेटवून एकटेच बसत.

परवा मागच्या गल्लीतली धुरपता आली. तिची सून रुपा बाळंत झाली, मुलगी झाली. त्यांच्या घरात वारा शिरतो. दारातच उभी राहून म्हणाली, "काकाजी, मांगाले तोंड होत नाई. पन ते शेगडी देता का?"

"नाई," बाबा म्हणाले.

ती वळली. फाटकाशी पोचली तेव्हा यांनी हाक मारली, "धुरपता, थांब. तुले उचलनार नाई. मी आणून देतो."

स्वतः नेली, नळकांडं बसवलं, पेटवून दिली. परत आले ते खोलीच्या उंबरठ्यावरच बसले. मी विचारलं, "कशी आहे पोरगी?"

"मूठ उघडते, मिटते," एवढं म्हणाले आणि टोपी तोंडावर धरून रडले. त्या दिवसापासून पहिल्यांदाच.

नमू, सगळे म्हणतात, तिच्याजवळ विषय काढू नका. पण तुला कुणी सांगितलं नसेल. तू शुद्धीवर नव्हतीस तेव्हा नर्सनं बाळ माझ्या हातात दिलं होतं. ती रडली नाही, डोळे उघडले नाहीत. पण केस दाट होते, आणि कपाळ थेट तुझं. अंग अजून कोमट होतं. मी तिला पदरात घेऊन बसले, नर्सनं मागेपर्यंत.

तू मनात तिचं काहीतरी नाव ठेवलं असशील. मला कळव. एकदा त्या नावानं तिला हाक मारायची आहे.

तुझी आई,
आणि तिची आजी