वीसपर्यंत

प्रिय अपेक्षा,

फोन केला असता तर तू दोन मिनिटांत मला हसवलं असतंस आणि विषय तिथेच राहिला असता. म्हणून लिहिते आहे. शेलूच्या या खोलीत बसून हे पत्र तिसऱ्यांदा सुरू केलं आहे. आधीची दोन फार नीटनेटकी झाली होती.

तुझे मंगळवारचे एक्स-रे मी पुन्हा मोजले. ते मोजणं डॉक्टरांचं काम, माझं फक्त काढायचं, हे मला माहीत आहे. पण तुझी प्रत्येक फिल्म मी मोजत आले आहे. कण्याचा बाक चौदाव्या वर्षी एकतीस अंश, सतराव्या वर्षी अडतीस, आता चव्वेचाळीस. तू कपडे बदलून बाहेर आलीस आणि म्हणालीस, "काय गं ताय, आला का इळा नीट फोटोत?" शेजारी उभा असलेला आमचा वॉर्डबॉय हिरामण मामा हसला, तूही हसलीस. मी नाव आणि तारीख टाकत बसले. तू स्वतःला असं विळ्यासारखी वाकडी म्हणतेस तेव्हा मला कधीच हसू येत नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

तुला भाजलं तेव्हा तू चार वर्षांची होतीस आणि मी अकरा. लोधिवलीच्या अंगणात उकड्या तांदळासाठी भात उकडायला ठेवलं होतं. टोप उतरवताना कलंडला आणि डाव्या काखेपासून कमरेपर्यंत तुझी बाजू गेली. त्या वेळी मी शाळेत होते. हे मुद्दाम सांगते, कारण त्या टोपाबद्दल मला काही कबूल करायचं नाही.

तीन महिन्यांनी तू घरी आलीस. हॉस्पिटलातल्या व्यायामाच्या बाईंनी आईला आणि मला समोर बसवून शिकवलं होतं. डावा हात डोक्यावरून उजवीकडे न्यायचा, अंग वाकवायचं, वीस आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचं. असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ, चार वर्षं. त्यांनी चौकटींचे छापील कागद दिले. व्यायाम झाला की चौकटीत फुली. मूल वाढतं, भाजलेली कातडी वाढत नाही, ती मुलाला आपल्याकडे ओढून घेते, असं त्या म्हणाल्या होत्या. मला ते तेव्हाही समजलं होतं. वर्गात मी हुशार होते.

बाबा रसायनीला कंपनीत, आई शेतावर. व्यायाम माझ्याकडे आला. पहिले काही दिवस मी तो बरोबर केला. तू किंचाळायचीस. चंद्राकाकू कुंपणापलीकडून ओरडायची, "आगं, पोरीला मारतंस काय? दया हाय का नाय तुला?" तू माझ्या ओढणीचं टोक धरून म्हणायचीस, "ताय, आज नको गं. उद्या दोनदा करू." मग मी आकडे गाळायला लागले. एक, दोन, पाच, नऊ, वीस. तुला मोजता येत नव्हतं, पण वीस म्हटलं की सुटका हे तुला कळलं होतं. मी "एक" म्हणायचे, तू लगेच "वीस!" म्हणून ओरडायचीस, आणि दोघी हसत सुटायचो. काही दिवसांनी "एक"सुद्धा म्हणायची गरज उरली नाही.

फुल्या मात्र मी रोज मारल्या. कधी निळ्या पेनाने, कधी काळ्या. गावदेवीच्या जत्रेचे दोन दिवस आणि तुला ताप होता ते तीन दिवस चौकटी मुद्दाम मोकळ्या ठेवल्या, म्हणजे बाकीच्या खऱ्या वाटतील. बारा वर्षांच्या मुलीला हे कसं सुचलं, असं मी स्वतःला विचारते. सुचलं खरं. पुढे तपासणीला गेल्यावर बाईंनी ते कागद बघून माझी पाठ थोपटली होती. तुझा हात पूर्ण वर का जात नाही, हे त्यांनाही कळेना.

तू आठ वर्षांची असताना शाळेच्या फोटोत डावीकडे कललेली दिसतेस. आई म्हणाली, "उभी नीट ऱ्हात नाय, सवय लागलीय." तो फोटो माझ्याकडे आहे. आता कर्जतला मशीनसमोर रोज मुलं उभी राहतात आणि मी सांगते, श्वास घे, धरून ठेव. त्यांनी श्वास धरला की माझ्या डोक्यात कोणीतरी मोजायला लागतं आणि एकावरून थेट वीसवर जातं. या नोकरीला पाच वर्षं झाली. एकदाही चुकलेलं नाही.

आता गेल्या मंगळवारबद्दल. डॉक्टरांनी विचारलं की लहानपणी व्यायाम झाले होते का. आईने पिशवीतून ते कागद काढले, प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेले, आणि म्हणाली, "माजी हर्षला येक दिवस चुकली नाय, डॉक्टर. ह्या बगा फुल्या." डॉक्टरांनी एकेक कागद उलटून पाहिला. मग म्हणाले, चार वर्षं इतकं नियमित ताणूनही व्रण आवळला असेल, तर हिची कातडीच तशी आहे. सोडवून नवी लावली तरी ती पुन्हा आवळेल, ऑपरेशनचा फायदा होईलसं वाटत नाही. तू मान हलवलीस. बाहेर आल्यावर रिक्षात म्हणालीस, "जाऊ दे गं ताय, तू तर तुझं सगळं केलंस. माझं कातडंच मेलं वाईट." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून चौक गाव येईपर्यंत झोपलीस.

अपेक्षा, तुझी कातडी वाईट नाही. तिला कोणी ताणलंच नाही. काल मी डॉक्टरांना भेटून हे सांगितलं. तुला बाजूला वाकवून काढलेली फिल्मही दाखवली. तीत चव्वेचाळीसचे सव्वीस होतात, म्हणजे कणा अजून वळतो. ते म्हणाले, मग हिशेब वेगळा आहे, तिला घेऊन या, पण उशीर करू नका. आईला मी रविवारी येऊन सांगेन. तुला आधी कळायला हवं होतं. ऑपरेशननंतर कित्येक महिने कोणीतरी रोज तुझा हात धरून मोजावं लागेल. ती मी असावी का, हे तू ठरव. नको म्हणालीस तर कर्जतला व्यायाम करून घेणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याशी बोलून ठेवलं आहे. हो म्हणालीस, तर तू रडशील, ओरडशील, मला शिव्या देशील, आणि मी दोन म्हणेन, तीन म्हणेन, चार म्हणेन.

तुझीच,
हर्षला