तानाक्काच्या बांगड्या

प्रिय तानाक्का,

तुझ्या सासूबाईंनी माझं मनगट धरून ठेवलं होतं आणि सिस्टर म्हणत होत्या, बांगड्या फोड. तुला आकडीचा दुसरा झटका येऊन गेला होता. सातव्या महिन्यात भरलेला हिरवा चुडा मांसात रुतला होता, हात निळा पडत चालला होता.

"माझा ल्योक लढाईवर हाय," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्या नावाचा चुडा हाय त्यो. फोडू नगं, पोरी."

मी फोडला. चादरीवरच्या काचा वेचत होते, तेवढ्यात तिसरा झटका आला. मुलगी जगली. तू नाही.

आज लिहितेय, कारण उद्या सकाळी वही वाचायची आहे. आठवते ना ती वही? इथे सांगलीला आम्ही शिकाऊ नर्स ड्यूटी संपली की रोज दोन रकाने भरतो: काय पाहिलं, काय कळलं. आठवड्यातून एकदा सिस्टर एकीला सगळ्यांसमोर वाचायला उभं करतात. तुला त्या वहीची मोठी गंमत वाटायची. "काय लिवतीस गं एवढं? माझं घोरणं बी लिवलंस का?"

घोरणं नाही लिहिलं, अक्का.

तुला झटके आले त्याच्या आदल्या सकाळी मी ताप बघायला आले, तेव्हा तू हात पुढे केलास. म्हणालीस, "कासारानं लय सैल भरल्या हुत्या. आता बघ, हलत न्हाईत. इस्लामपूरचा गूळ लागलाय अंगाला." मी एक बांगडी फिरवून पाहिली. फिरली नाही. आपण दोघी हसलो. डोकं दुखतंय असंही तू म्हणालीस. मी म्हटलं, ऊन फार आहे.

वहीत लिहिलं: बाई खुशीत, बांगड्या घट्ट झाल्यात. दुसरा रकाना कोरा.

गरोदर बाईच्या हातावर सूज दिसली तर लगेच डॉक्टरांना कळवायचं, हे मला पाठ होतं. पण पाठ केलेल्या सुजेला बांगड्या नव्हत्या.

तू दोनदा का नाही सांगितलंस? एवढं लिहिलं आणि लाज वाटली. बांगड्या आणि डोकं. दोनदा सांगितलंसच की!

माझ्याबरोबर शिकणारी रखमा म्हणते, पान फाड, वाचलंस तर घरी पाठवतील. वहीची शिवण सैल आहे, पान सहज निघेल. घरी पाठवलं तर पुन्हा इथे कोण येऊ देणार मला?

सासूबाई मुलीला घेऊन गेल्या. फुटलेल्या काचा तेवढ्या पदराच्या गाठीत बांधून नेल्या. तुझ्या नवऱ्याचं पत्र आलं का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

आता वॉर्डात बांगड्या वाजल्या की मला बरं वाटतं. ज्या खाटेवरून आवाज येत नाही, तिकडे मला बघवत नाही. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

पान फाडणार नाही, अक्का. दुसरा रकाना आज भरलाय, उद्या मोठ्यानं वाचीन. आणि ज्या खाटेकडे बघवत नाही, तिथे आधी जाईन.

तुझी,
गोदा

ता. क. सकाळी वाचलं. सिस्टरांनी वही ठेवून घेतली. मग वॉर्डात गेले. तुझ्या खाटेवर काल आलेली एक बाई आहे. तिचा हात हातात घेतला. बांगड्या हलल्या नाहीत. मी डॉक्टरांना बोलावून आणलं.