वाणात गेलेला कॉम्प्युटर

पिपरी मेघे, वर्धा
श्रावणातला सोमवार, २००७

तीर्थस्वरूप धर्मेंद्र भाऊजींच्या चरणी धाकट्या शालकाचा, म्हणजे प्रफुलचा, दंडवत. हर्षाताईला नमस्कार आणि आकांक्षाला पापा. इकडे सगळे ठणठणीत आहेत. तुमच्या घशाची खरखर कमी झाली का? आई रोज विचारते. ज्येष्ठमध चघळत जा आणि दही टाळा. (ताई फोनवर सांगत होती की ऑफिसच्या कार्यक्रमांत हल्ली तुम्ही कुणी आग्रह न करताही गाता. ऐकून बरं वाटलं आणि थोडं दचकायलाही झालं. त्याचं कारण पुढे.)

तर भाऊजी, नवा कॉम्प्युटर. काय सांगू तुम्हाला! जुन्यावर एक भजन उघडायला घेतलं की मी खाली बाबांच्या कापडाच्या दुकानात जाऊन, चहा पिऊन, दोन गिऱ्हाइकांना परकर दाखवून वर यायचो, तरी तो विचारच करत बसलेला असायचा. नवा मात्र बटण दाबायच्या आधीच तयार. पंख्याचा आवाज नाही, तापणं नाही. पहिला आठवडा मी नुसता त्याच्याकडे बघत बसलो. आईला वाटलं माझं कुठेतरी जमलंय.

फरक आहे तो आतल्या प्रोसेसरचा. तुम्हाला सोपं करून सांगतो. जुन्याचा प्रोसेसर एका घराण्याचा होता, नव्याचा दुसऱ्या घराण्याचा. सॉफ्टवेअर ज्या घराण्यासाठी लिहिलेलं असतं तिथेच ते मोकळेपणाने गातं. नव्यात जुनं समजावून सांगणारा एक दुभाषा बसवलेला आहे, पण तो मोठमोठी सॉफ्टवेअरं तेवढी समजावतो. मोठ्या सॉफ्टवेअरच्या पोटात जी छोटी छोटी जोडलेली असतात, त्यांच्याशी तो बोलतच नाही. हे सगळं मला दुकानदाराने सांगितलं होतं. पण मी त्या वेळी स्क्रीनचा रंग बघत होतो.

आता आमच्या स्टुडिओची तुम्हाला कल्पना आहेच. दुकानावरची खोली, आणि भिंतींना आवाज घुमू नये म्हणून सोलापुरी चादरींच्या थप्प्या. (लग्नसराईत बाबांनी उत्तरेकडची अख्खी भिंत हिंगणीच्या एका वरबापाला विकली. तेव्हापासून टाळ दोनदा वाजल्यासारखा ऐकू येतो.) अशा खोलीत आईच्या एकदंत महिला भजनी मंडळाची सीडी तयार होत होती. गणेश चतुर्थीला ती केळझरच्या सिद्धिविनायकासमोर वाजायची आहे. आईने हे वर्ध्यापासून सेलूपर्यंत सांगून ठेवलंय. मंडळातल्या बाया आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी भजनं म्हणत आल्या. त्यांचा आवाज कुणीतरी जपून ठेवावा असं पहिल्यांदाच होतंय. आईचा तर सगळा जीव त्या सीडीत आहे.

आणि इथे तुम्हाला एक आतली गोष्ट सांगतो. जुन्या कॉम्प्युटरमध्ये असंच पोटातलं एक छोटं सॉफ्टवेअर होतं, सूर सांभाळणारं. आवाज सुरावरून घसरला की ते त्याला हळूच धरून जागेवर बसवायचं. मंडळाचा आवाज मी पहिल्या दिवसापासून त्यातूनच ऐकवायचो. बायांना काय कल्पना? त्यांना वाटायचं, आपण गोड गातो. पण ते सॉफ्टवेअर मूळ रेकॉर्डिंगला हात लावत नाही, वाजता वाजता सुधारतं. मी सगळी भजनं नव्यात आणली, ती जशी गायली होती तशीच आली. सुधारणारा जुन्या घरीच राहिला. कंपनी म्हणते, नव्या प्रोसेसरसाठी तो लवकरच येईल. हे ती उन्हाळ्यापासून म्हणते आहे.

मी मात्र मोठ्या हौसेने अख्ख्या मंडळाला नव्या मशीनवर भजनं ऐकायला बोलावलं. चिवडा केला. बटण दाबलं. पहिल्या ओळीतच शकुबाईंचा हात चिवड्यात थांबला. दुसऱ्या ओळीला अन्नपूर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. आई शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि मग अगदी हळू म्हणाली, "प्रफुल, हे कोन गाऊन राह्यलं? हा आवाज माया नाई." भाऊजी, मला खरंच वाईट वाटलं. खरं सांगायचं धैर्य झालं नाही. मी म्हणालो, "आई, मशीन नवं आहे, त्याले तुमच्या आवाजाची सवय नाई झाली अजून."

झालं. शकुबाई लगेच म्हणाल्या, "मंग सवय लावू न त्याले. नवी सून बी घरात रुळाले वेळ घेते." दुसऱ्या दिवसापासून मंडळ रोज दुपारी नव्या कॉम्प्युटरसमोर बसून भजनं म्हणतं आहे. आधी त्याला हळद-कुंकू, मग दूर्वांची जुडी, मग सूर धरून ठेवणाऱ्या विजेच्या तंबोऱ्याच्या पेटीबरोबर एकेक ओळ, मशीनला नीट कळावी म्हणून सावकाश, परत परत. शकुबाई कुणी घसरलं की थांबवतात आणि म्हणतात, "असं नको गाऊ, त्याले खोटी सवय लागंन." मी कोपऱ्यात बसून दूर्वा कीबोर्डच्या फटीतून काढत असतो.

बाकी सगळं उत्तम. मशीन अप्रतिम आहे. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि दह्याचं लक्षात ठेवा.

तुमचा,
प्रफुल

ता. क. एक लिहायचं राहिलं. धोंड्याच्या महिन्यात तुम्ही आलात तेव्हा "तांब्याचं ताट तं सारेच देतेत" असं म्हणून बाबांनी जुना कॉम्प्युटर तुम्हाला वाणात दिला. (वर अनारशांचं ताट, त्यावर दिवा. तूप स्पेसबारवर सांडलं, ते अजून चिकटत असेल.) आता हा काही कामाचा नाही, असं बाबांना मीच सांगितलं होतं. तो मला परत हवा आहे. चार दिवसांसाठी.

ता. क. दुसरा. बाबांपाशी विषय काढला तर ते ताडकन उठले. "जवायाले देल्लं वाण परत मांगतं? लोकाईत तोंड दाखवू देशीन का नाई मले?" मग हिशेबाला बसले आणि त्यांनीच तोड काढली. वाण परत घेता येत नाही, पण जावई वाणासकट सासरी आला तर त्यात परत घेणं कुठे आलं? तेव्हा तुम्ही कॉम्प्युटरसह यायचं. हात मात्र तुमचाच लागला पाहिजे. मी शेजारी उभा राहून सांगेन, तुम्ही बटणं दाबायची. पुरणपोळी ठरलेली आहे.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते उघडून लिहितो आहे. आज दुपारी सहज म्हणून मी मंडळाची सगळी भजनं नव्यावर पुन्हा रेकॉर्ड केली. भाऊजी, बाया सुरात गातात. सॉफ्टवेअर नाही, काही नाही, नुसत्या बाया. रोज मशीनला शिकवता शिकवता स्वतःच शिकल्या. आईने ऐकलं आणि म्हणाली, "आता लागली त्याले सवय." मी खाली जाऊन चादरींच्या थप्पीत तोंड घालून रडलो आणि हसलो, दोन्ही.

तेव्हा मंडळासाठी जुना कॉम्प्युटर आणायची गरज उरली नाही. राहिलं एकच भजन. वाणाच्या दिवशी आईच्या आग्रहावरून तुम्ही गायलेलं. ते जुन्यावर वाजलेलं ऐकून सगळ्यांनी तुमची वाहवा केली आणि तुम्ही ऑफिसात गायला लागलात, तेच. त्या सॉफ्टवेअरने उभ्या आयुष्यात जेवढे कष्ट केले नसतील तेवढे त्या एका भजनावर केले होते. आज ते नव्यावर लावलं. बाबा खालून धावत वर आले, त्यांना वाटलं कुणी पडलं.

ते गाळूनही टाकलं असतं, पण सीडीचं कव्हर छापून आलंय आणि जावई म्हणून तुमचं नाव सगळ्यात वर, सगळ्यात मोठं आहे. आता एक तर कॉम्प्युटर घेऊन या, नाहीतर नुसतेच या. आईने सतरंजीवर शकुबाईंच्या शेजारची जागा तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. म्हणते, मशीनले जवायाच्या आवाजाची सवय नाई अजून.