टेबलाखालची वायर

प्रिय अवंती,

बाळंतपणाला जबलपूरला यायला आवडेल, पण सुट्टी लागेपर्यंत ऑफिसचं काम करावं लागेल आणि तुमच्याकडचं नेट रडतं, असं तू गेल्या रविवारी म्हणालीस. तेव्हापासून मी त्या कॉम्प्युटरच्या हात धुऊन मागे लागले आहे.

नेटवाल्या भैयानं येऊन सगळं पाहिलं आणि "लाइन तो एकदम ठीक है, आंटीजी" म्हणत हात झटकले. मग मी टेबलाखाली शिरून वायर पाहिली. दोन्ही टोकं घट्ट होती. उरला कॉम्प्युटर. त्याच्या सेटिंगमध्ये नेटवर्कचा वेग शोधला, तर दहा! शेजारी 'हाफ ड्युप्लेक्स'. म्हणजे एका वेळी एकानंच बोलायचं, दुसऱ्यानं तोवर गप्प बसायचं. आपल्या घरात ही शिस्त कधी कोणी पाळली आहे का, तूच सांग.

हे आपोआप झालेलं नव्हतं. करणारे तुझे बाबा! फॅक्टरीतून रिटायर झाले, तरी मशीन जपायची खोड जात नाही. पंखा दोनवर, स्कूटर तीसवर, तसा कॉम्प्युटरही सगळ्यात कमी वेगावर ठेवला, का तर जास्त टिकेल. वर मलाच म्हणतात, "काहून छेडून राहिली त्याले? चांगला तर चालून राहिला होता!" मी 'ऑटो' निवडलं. आता तिथे हजार दिसतं आणि 'फुल ड्युप्लेक्स'. काल आपल्या चेरीताल मोहल्ल्यातल्या सगळ्या बातम्या विभावरी मावशीला व्हिडिओवर सांगितल्या. दोघी एकदमच बोलत होतो, तरी एक शब्द अडकला नाही. बाबा मात्र अधूनमधून कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावून पाहतात, तापला तर नाही ना म्हणून.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण तिथे "आई, आवाज तुटतोय" म्हणून तुला निसटता येतं. नेट हे निमित्त आहे, हे मला त्याच दिवशी कळलं होतं गं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला राबवायचं नाही, हे तुझ्या मनात आहे. मला भरून आलं आणि तुझा रागही आला. म्हणून आधी ते निमित्त दुरुस्त केलं. आता वरचं एक वाक्य पुन्हा वाच. मी टेबलाखाली शिरले होते. बाबा हात द्यायला धावले, तोवर मी माझी मी उठून उभी होते. तिकीट काढ.

तुझीच, दोन्ही पायांवर उभी असलेली,
आई