नव्या बॅरलची दहा फडकी

सर, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा मला तुमचा राग आला.

तुमच्या रायफलला नवी बॅरल बसवली तो रविवार आठवतो? ओझरच्या कारखान्यात तुमची ड्युटी होती, म्हणून काम माझ्यावर सोपवून गेलात. एक गोळी झाडायची, सळईने कोरं फडकं नळीतून आरपार ढकलायचं, मगच पुढची गोळी. असं दहा वेळा, आणि फडकी ओळीने टेबलावर मांडायची. नवी बॅरल अशीच वळणावर आणायची, घाई केली तर जन्मभर त्रास देते, असं तुम्ही सांगायचात. मला मैत्रिणीकडे बारशाला जायचं होतं. मी दहाही गोळ्या एका दमात झाडल्या आणि जुन्या रायफलच्या काजळीत घासून फडकी काळी केली.

संध्याकाळी तुम्ही एकेक फडकं उजेडात धरून बघितलंत. रागावला नाहीत. "उद्या परत करू. माझं समाधान होऊ दे," एवढंच म्हणालात. दुसऱ्या दिवशी रजा टाकून शेजारी स्टूल घेऊन बसलात आणि मी तोंड फुगवून सगळं पहिल्यापासून केलं. पुढे नेमबाजीच्या रेंजची किल्लीही माझ्याकडे दिलीत. हिच्या कामाकडे वळून बघावं लागत नाही, असं चारचौघांत सांगायचात, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी तुम्ही दवाखान्यात होतात, तेव्हा खरं सांगायचं म्हणूनच आले होते. तुम्हाला मोसंबी सोलून दिली आणि घरी परतले.

आता तुमच्या जागी मी नेमबाजी शिकवते. सटाण्याचे एक कांद्याचे व्यापारी शिकायला येतात, पन्नाशीचे, कायम घाईत. आज त्यांनी नव्या बॅरलची फडकी माझ्यापुढे मांडली. "मॅडम, लय मन लावून केलंय बरं का." दहाही सारखीच काळी होती. बॅरल आतून गुळगुळीत होत जाते, तसं प्रत्येक फडकं आधीच्यापेक्षा उजळ निघतं, हे आज मला कुणी सांगायला नको. माझीही दहा सारखीच काळी होती. म्हणजे तुम्हाला त्याच संध्याकाळी कळलं होतं. एका शब्दाने बोलला असतात, तर इतकी वर्षं मी ते मनात घेऊन फिरले नसते.

त्यांना मी म्हटलं, उद्या परत करू, माझं समाधान होऊ दे. स्टूल पुसून ठेवलंय.

हे पत्र कुठे टाकणार? सळईच्या डब्यात ठेवते. पण एक राहिलंच. दुसऱ्या दिवशी तुम्ही पाणी प्यायला उठलात, तेव्हा सातव्या गोळीनंतर मी फडकं घातलंच नव्हतं. आठवीनंतर दोन घातली. हे तरी तुम्हाला कळलं नसावं.