हौदातले जंतू आणि बाबांची साखर

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे आता जिना चढू देत असतील अशी आशा आहे. (नसतील तर चढू नकोस, वर तसाही भाडेकरूच राहतो.) इकडे सगळे मजेत. सगळ्यांत मजेत आमच्या कामावरचे जंतू आहेत, आणि तीच तर रड आहे.

त्याचं असं, की आमच्या गॅरेजच्या आवारात वीस वर्षं तेल सांडलं आणि मुरत मुरत शेजाऱ्यांच्या विहिरीपाशी पोचलं. म्हणून ती माती खणून हौदात टाकली आणि तेल खाणारे जंतू सोडले. त्यांना हवा-पाणी द्यायचं आणि खायला दुसरं काही द्यायचं नाही, एवढंच माझं काम. महिनाअखेरीस साहेब माती तपासणार. तेल उतरलं तर मी कायम, नाहीतर मी घरी.

आता तुझे बंधुराज. ते रोज दुपारी माझा डबा घेऊन येतात. जन्म गेला खाणावळ चालवण्यात. जेवलास का विचारल्याशिवाय ते मांजरालाही पुढे जाऊ देत नाहीत. हौदात वाकून म्हणाले, "अरे, तेलावर कुणाचं पोट भरतं का?" आणि माझ्या नकळत आठवडाभर वाटी वाटी साखर घातली. जंतू झाले म्हणून काय झालं, आयती साखर मिळाल्यावर तेलाला कोण तोंड लावतो? हौदाला हा एवढा फेस आला, जंतू चौपट झाले, तेल जिथल्या तिथे. बाबा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला फेस दाखवून सांगत होते, "बघा, कसं अंगी लागतंय!" मी जन्मात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो, आत्या. त्यांनी डबा उघडून पुढे ठेवला. मला फार वाईट वाटलं. (जेवलो मात्र सगळं.) नंतर त्यांनी शब्द दिला, साखर घालणार नाही.

कालपासून जंतूंनी नाइलाजाने तेल खायला घेतलंय. महिनाअखेरपर्यंत असेच उपाशी राहिले तर निभेल.

तुझा भाचा

ता. क. बाबांना तेवढे दिवस तुझ्याकडे बोलावून घे. गुडघ्यांचं निमित्त कर. पत्राचं त्यांना कळू देऊ नकोस.

ता. क. ताई, हे अक्षर माझं. पत्र टपालात टाकायला त्याने माझ्याकडेच दिलं, तेही पाकीट न चिकटवता. आता टपाल कशाला, मीच घेऊन येतोय. पोराचं बरोबर आहे, मी साखरेला हात लावलेला नाही. शब्द म्हणजे शब्द. पण घरच्यांना उपाशी ठेवून प्रवासाला निघणं आपल्याला जमत नाही. मध घातलाय.