डेल्टा टॉवरच्या दाराबद्दल आणि इतर वस्तूंबद्दल

मी, सुशीलाबाई रंगनाथ कुदळे, वय शहात्तर, शिक्षण चौथी नापास, राहणार खरं तर बिबवेवाडी, सध्या कोंडलेली डेल्टा टॉवर, अकरावा मजला, खराडी, पुणे. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव टाकायला दिवसभर घरात असतं कोण? याआधी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. आधी दाराचं सांगते, बाकीचं त्यावरच आहे. ह्या दाराला अंगठ्याचं कुलूप आहे. बाहेरूनही अंगठा, आतूनही अंगठा, नाहीतर नंबर. मी छत्तीस वर्षं मार्केट यार्डात मिरच्यांची देठं खुडली, बोटांच्या रेषा तिथेच राहिल्या. त्याच बोटांवर मुलगा सुदर्शन इंजिनियर झाला. मशिनला माझा अंगठा दिसत नाही. नंबर मागितला तर म्हणतो, "आई, तू एकटी बाहेर जाशील." मी म्हटलं, "दार त्यासाठीच असतं ना रे?" गेल्या दिवाळीत न सांगता बसने बिबवेवाडीला गेले होते, त्याची ही शिक्षा. सकाळी नऊ ते संध्याकाळी आठ मी आत. स्वयंपाकाला येणाऱ्या नम्रताच्या अंगठ्याला मात्र दार उघडतं, पण मला बाहेर सोडायचं नाही अशी तिला ताकीद आहे.

२. नात स्पृहा कॉलेजात भाषाशास्त्र शिकते. तिला विचारलं, "ह्या बिल्डिंगला डेल्टा का म्हणतात गं?"

"आजी, ते ग्रीकांचं चौथं अक्षर. आपली बिल्डिंग चौथी, म्हणून. ग्रीकांच्या भाषेत त्या नावाला काही अर्थ नाही. त्यांनी अक्षरं फिनिशियन व्यापाऱ्यांकडून उचलली. त्यांच्याकडे ह्या अक्षराच्या नावाचा अर्थ होता दार."

म्हणजे नाव आणलं आणि अर्थ तिकडेच विसरून आले. अल्फा म्हणजे बैल, बीटा म्हणजे घर, गॅमा बहुतेक उंट, त्याची खात्री नाही म्हणाली. पहिल्या बिल्डिंगवाले बैलात राहतात आणि आम्ही दारात. तिने अक्षर काढून दाखवलं, तीन रेघांचा त्रिकोण. मी बोट फिरवून पाहिलं. तिन्हीकडून बंद.

"ह्यात दार कुठंय?"

"नावातच राहिलंय, आजी."

नदी समुद्राला मिळते तिथल्या तिकोनी जमिनीलाही डेल्टाच म्हणतात. नदीला वाट मिळाली, बरं झालं.

३. बिबवेवाडीचं दोन खोल्यांचं घर माझ्या नावावर आहे. सुदर्शनला ते विकायचंय. ते मी स्पृहाला देते. तिला अर्थ विचारला तर तिने सांगितला. बाकीचे "तुला काय करायचंय" म्हणतात. अट एकच, त्या दाराची आतली कडी काढायची नाही. कडीला कोणाचंही बोट चालतं.

४. मी जिवंत असताना सुदर्शनने मला नंबर सांगितला, तर हे बदलून अर्धं घर त्याच्या नावे करीन. म्हणून एक प्रत फ्रिजवर लावते आहे. वाच रे बाबा.

५. सून अस्मिताला माझा पाटा-वरवंटा. "उगाच जागा अडते," असं ती पाट्याबद्दल म्हणाली की माझ्याबद्दल, ते मी विचारलं नाही.

६. नम्रताला काही देत नाही. साक्षीदाराला देऊ नये, असं समोरचे दत्तप्रसाद म्हणतात. ते कोर्टातून रिटायर झालेत, तेव्हा ऐकते.

७. मेल्यावर मला आधी बिबवेवाडीला न्या, तिथल्या उंबऱ्यावरून उचला. इथून नेताना दार तुम्हालाच उघडावं लागेल. तेवढ्यासाठी मरायची घाई मी करणार नाही.

हे सगळं मी माझ्या हाताने लिहिलं, चुका दत्तप्रसादांनी काढल्या. नम्रताने अंगठा लावला म्हणून ते आत येऊ शकले. दोघांसमोर सही करते. सही येते मला, तरी अंगठाही उठवते.

ठिकाण : खराडी, पुणे
तारीख : १२ फेब्रुवारी २०२५

सही : सुशीलाबाई रंगनाथ कुदळे

साक्षीदार :
१) दत्तप्रसाद वामन केतकर (सही)
२) नम्रता हिंदुराव कांबळे (सही)

डाव्या अंगठ्याचा ठसा : पुसट आहे, पण कागदाला दिसला.